गाडी दुरुस्त होऊ नये म्हणून

चिलेशेनं न्दोलाहून आणलेलं खोकं व्हरांड्यात ठेवलं आणि फेलिस्तासची आशा संपली. गेला आठवडाभर ती मनातल्या मनात देवाला विनवत होती, की हा रेडिएटर कुठे मिळूच नये. मिळालाच तर भलत्याच गाडीचा निघावा. पण भाच्यानं जुन्याचा फोटो दाखवून, दुकानदाराशी हुज्जत घालून, नेमका हवा तोच आणला होता. तिच्या नवऱ्यानं, एव्हारिस्तोनं, खोक्याची चिकटपट्टी दातांनीच तोडली. आतली कोरी करकरीत जाळी उन्हात चमकली, तसा त्याचा चेहराही उजळला.

"बघितलंस का लोम्बेच्या आई? उद्या चर्चमधली मिस्सा आटोपली की थेट कापिरी. दुपारी लेकीच्या दारात आणि संध्याकाळी नातू ह्या घरात!"

लोम्बे त्यांची थोरली. पहिलं बाळंतपण कापिरीला सासरी झालं होतं. आता बाळाला घेऊन ती लुआन्श्याला माहेरी यायची होती, आणि तिला आणायला मी स्वतः येणार, दुसऱ्या कुणाच्या गाडीत माझा नातू बसणार नाही, असं एव्हारिस्तोनं व्याह्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

"मामा, मी थांबलो असतो हो मदतीला," चिलेशे म्हणाला, "पण लाकडाच्या वखारीत आज माल उतरायचाय."

"जा तू बिनघोर. आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवली मी. रस्त्यात बंद पडली तर प्रवाशांना काय खाली उतरवून ढकलायला लावत होतो? हे बसवायला मला माणूस लागतो होय?"

फेलिस्तास भाच्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. सांगावं का ह्याला, असं तिच्या मनात दोनदा आलं. एकदा तर तोंडही उघडलं. पण चिलेशेनं "काय मामी?" म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आईला विचारलंय म्हणून सांग."

सांगणार तरी काय होती? तुझ्या मामाला दिसत नाही? कोण विश्वास ठेवणार? चष्म्याशिवाय पेपरातली बारीक अक्षरं वाचणारा माणूस. सुईत दोरासुद्धा तोच ओवून द्यायचा. लोम्बेला तिनं फोनवर चाचपून पाहिलं होतं, तर लेक खळखळून हसली. "आई, काहीतरीच तुझं! बाबा माझे मेसेज रात्री अंथरुणात पडून वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका काढतात."

समोरचं त्याला दिसतच होतं, अगदी लख्ख. दिसत नव्हतं ते कडेचं. अर्ध्या उघड्या दाराला तो खांदा मारायचा. ताटाशेजारचा पाण्याचा पेला हमखास लवंडायचा. कोंबड्या पायांत आल्या की कोंबड्यांनाच शिव्या घालायचा. आधी फेलिस्तासला वाटलं, वय झालं, धांदरटपणा वाढला. मग बाजाराच्या वळणावरचा तो प्रसंग घडला.

ती त्याच्या शेजारी बसली होती. डाव्या बाजूनं एक मुलगी डोक्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांचं घमेलं घेऊन रस्त्याच्या कडेनं चालली होती. फेलिस्तासला ती लांबूनच दिसली होती. गाडी मुलीकडे सरकत गेली, सरकत गेली, आणि त्याला दिसतच असणार म्हणून फेलिस्तास गप्प राहिली. शेवटच्या क्षणी मुलीनं बाजूला उडी मारली. डोक्यावरून निसटलेलं घमेलं गाडीच्या आरशावर आदळलं आणि ठण्णकन आवाज झाला.

"काय वाजलं?" एव्हारिस्तोनं विचारलं. अगदी सहज. जसं घरात बसून विचारावं.

फेलिस्तासनं मागे वळून पाहिलं. मुलगी उभी होती. लागलं नव्हतं तिला. शेंगदाणे रस्ताभर पसरले होते आणि ती तोंडावर हात ठेवून गाडीकडे बघत होती.

"दगड उडाला असेल," फेलिस्तास म्हणाली.

का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. ह्या माणसाच्या हातून इतक्या वर्षांत रस्त्यावर कुणाला ओरखडाही आला नव्हता. निवृत्त झाला तरी बाजारातली माणसं त्याला "ड्रायव्हरसाहेब" म्हणत, आणि ती हाक ऐकली की तो मान जरा ताठ करायचा. ते मोडायला तिची जीभ धजली नाही. घरी पोचता पोचता बॉनेटमधून भसाभस वाफ यायला लागली. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी उभी चिरली होती. तो वैतागला, आणि तिनं मात्र मनोमन क्रूसाची खूण केली. देवानं ऐकलं, असंच तिला वाटलं. पण देवानं फक्त थोडी सवड दिली होती, हे आता खोकं बघून तिला कळलं.

"अगं, कुठे हरवलीस? ते मोठं घमेलं आण इकडे!"

घमेलं हा शब्द ऐकूनच तिला कसंतरी झालं.

पेरूच्या झाडाशेजारी, घराकडे पाठ आणि फाटकाकडे तोंड करून गाडी उभी होती. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच तापलं होतं. एव्हारिस्तोनं बॅटरीची तार सोडली, पुढचं चाक विटांवर चढवलं आणि पोत्यावर उताणा पडून खाली सरकला. तळाची तोटी पिळल्याबरोबर हिरवट पाणी घमेल्यात पडायला लागलं.

"कुत्र्याला लांब ठेव गं. गोड लागतं त्याला ते. प्यायलं तर मरेल."

तिनं कुत्र्याला मागच्या दारी बांधलं. मग आज फार ऊन आहे, संध्याकाळी करा म्हणाली. तो म्हणाला, संध्याकाळी डास चावतात. मग ती म्हणाली, आधी मक्याच्या पिठाची न्शिमा खाऊन घ्या, भोपळ्याचा पाला शेंगदाण्याचं कूट घालून केलाय. तो म्हणाला, हाताला तेल लागलंय, नंतर. मग ती म्हणाली, लोम्बेला अजून एक महिना तिथेच राहू दे, बाळ लहान आहे, रस्त्यात धूळ किती.

गाडीखालून त्याचं डोकं बाहेर आलं. "काय झालंय तुला आज? महिनाभर लेकीच्या नावानं डोळे गाळत होतीस, आणि आता म्हणतेस राहू दे?"

"सहज म्हटलं."

"सहज म्हणे! पक्कड दे."

तिनं पक्कड दिली. तिला न्दोला-कापिरीचा रस्ता डोळ्यांपुढे दिसत होता. तांबं वाहणारे लांबलचक ट्रक, त्यांच्या मागून घुसणाऱ्या मिनीबस, डांबराच्या तुटक्या कडेवरून चालणारी माणसं. आणि मागच्या सीटवर लोम्बेच्या मांडीवर ते बाळ.

वरचा पाइप सुटला, खालचा सुटला. पाइप आवळून धरणाऱ्या लोखंडी क्लिपा जुन्याच वापरायच्या होत्या; नव्या खोक्यात आल्या नव्हत्या. त्यानं त्या गंज धुवायला पाण्याच्या तसराळ्यात टाकल्या. मग पंख्याचे बोल्ट काढून पंखा बाजूला ठेवला आणि जुना रेडिएटर दोन्ही हातांनी अलगद वर उचलला. जाळीत मेलेले टोळ आणि पाकोळ्या अडकल्या होत्या. एवढं सगळं तो न अडखळता करत होता. बोटांनाच डोळे असल्यासारखे त्याचे हात चालत होते. फेलिस्तासला त्याचा अभिमानही वाटत होता आणि त्याच अभिमानाची भीतीही.

तो जुना रेडिएटर कुंपणाशी ठेवायला गेला, आणि तिच्या हातानं तिला न विचारताच काम केलं. तसराळ्यातली मोठी क्लिप तिनं उचलली, कमरेच्या चितेंगेला पुसली आणि त्याच कापडाच्या गाठीत खोचली. 

नवा रेडिएटर बसवायला वेळ लागला. एका बाजूचं भोक बोल्टाशी जुळेना. त्यानं कानस घेतली, घासलं, पुन्हा लावून पाहिलं, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पुन्हा घासलं. अखेर बसलं. पंखा चढला. वरचा पाइप लागला. मग त्यानं खालच्या पाइपासाठी तसराळ्यात हात घातला.

"दुसरी क्लिप कुठाय?"

"मला काय ठाऊक?"

"मोठीवाली. आत्ता इथे टाकली होती."

त्यानं पाणी ओतून दिलं. नव्हती. गाडीखाली पाहिलं. नव्हती. मग तो गुडघ्यांवर बसला आणि मातीवरून तळहात फिरवत शोधायला लागला. एकाच सरळ रेषेत बघत, पुढे पुढे सरकत. त्याच्या उजव्या हाताशी, वीतभर अंतरावर, बारा नंबरचा पान्हा उन्हात चकाकत होता. फेलिस्तासला तो उभ्या उभ्या दिसत होता. त्याच्या कोपराचा धक्का पान्ह्याला लागला तसा तो दचकला, चाचपून पान्हा उचलला आणि म्हणाला, "हा इथे कोणी ठेवला?"

स्वतःच ठेवला होता त्यानं.

 लहान पोरासारखा मातीत रांगणारा आपला नवरा तिला बघवेना.

"जाऊ दे," तो उठत म्हणाला. "तारेनं आवळतो. कुंपणाची तार आहे की. कापिरीपर्यंत जाऊन यायला काय होतंय?"

 एवढं तिला त्याच्यासोबत राहून कळत होतं, की तारेनं आवळलेला पाइप गरम झाल्यावर केव्हाही निसटतो. भर रस्त्यात, ट्रकच्या पुढ्यात. गाडी अडवायला म्हणून केलेला आपलाच उपद्व्याप बाळाच्या जिवावर उठेल!

"थांबा," ती म्हणाली. पाठ फिरवून गाठ सोडली, मग वाकून जमिनीवरून काही उचलल्यासारखं केलं. "ही बघा. इथेच होती."

त्यानं क्लिप तळहातावर घेतली. पाइपावर चढवायला निघाला आणि थांबला. बोटांनी फिरवून पाहिली.

"ही कोरडी आहे."

ती चितेंगेची सुटलेली गाठ पुन्हा आवळत राहिली.

"बाकीच्या पाण्यात होत्या. आणि ही कोमट लागतेय. अंगावर ठेवल्यासारखी." त्यानं मान वर करून सरळ तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नजर रोखली की तिथलं त्याला सगळं दिसायचं. "लोम्बेच्या आई, काय चाललंय?"

"तुम्ही गाडी चालवू नये असं मला वाटतं."

"का?"

"तुम्हाला कडेचं दिसत नाही."

तो हसला. "कोण म्हणतं? आण पेपर, वाचून दाखवतो."

"पेपर समोर असतो हो! रस्ता काय नुसता समोर असतो?" आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम उसळून बाहेर आलं. बाजाराचं वळण, मुलगी, आरसा, घमेलं, रस्त्यावर पसरलेले शेंगदाणे. "दगड उडाला म्हणाले ना मी, ते खोटं होतं. आपल्या गाडीखाली जाता जाता ती पोर वाचली. हातभर अंतर होतं. तुम्हाला ती दिसलीच नाही."

एव्हारिस्तोनं हातातली क्लिप मुठीत आवळली. मग त्याचा आवाज चढला.

"माझ्या गाडीखाली? आणि तू आत्ता सांगतेस? घाबरट बाई तू, ट्रक दिसला की डोळे मिटतेस, तुला काय दिसलं असेल! पोरगीच रस्त्यात आली असेल."

"ती कडेनं चालली होती."

"मी ड्रायव्हर आहे, फेलिस्तास!"

नावानं तो तिला वर्षावर्षात हाक मारत नसे.  त्यानं पाठ फिरवली, गाडीखाली गेला आणि क्लिप आवळली. गरजेपेक्षा जास्तच आवळली असावी, कारण खालून त्याचा कण्हल्यासारखा आवाज आला. मग विटा काढल्या, बॅटरी जोडली, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून नव्या डब्यातलं हिरवं पाणी हळूहळू ओतलं.  गाडी सुरू केली. पहिल्याच चावीला इंजिन लागलं. रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे यायला लागले. आतली हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं होतं.

तो स्टिअरिंगवर बसून राहिला. मग समोरचं दिसावं म्हणून उतरून बॉनेट खाली टेकवलं, परत आत बसला आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "तिकडे पेरूपाशी जा."

"कशाला?"

"जा म्हणतो ना. तिथून गाडीच्या पुढून पलीकडे चालत जायचं. मी फाटकाकडे बघणार, रस्त्यावर बघतात तसं. तू दिसलीस की हॉर्न वाजवीन. मग बघू कुणाचे डोळे गेलेत ते."

"इंजिन चालू असताना?"

"हँडब्रेक ओढलाय. गिअरमध्ये नाहीये. का आता हेही मला जमत नाही म्हणायचंय?"

ती पेरूच्या झाडाखाली गेली. डोक्याला पिवळाधमक रुमाल होता. आंधळ्यालाही दिसावा असा, तिच्या मनात आलं आणि लगेच तिनं जीभ चावली. झाडापासून गाडी फार लांब नव्हती. तिनं पहिलं पाऊल टाकलं. इंजिन घरघरत होतं. ती चालत राहिली. आता वाजवतील, आता वाजवतील. देवा, वाजवू दे. खोटी ठरू दे मला. वेडी, घाबरट ठरू दे.

हॉर्न वाजला नाही.

ती डाव्या दिव्यापाशी पोचली. पुढच्या काचेतून तिला त्याचा चेहरा दिसत होता. म्हणून ती तिथेच, त्यालाही काचेतून सहज दिसेल अशी, थांबली. तो फाटकाकडे बघत होता. शांत. अंगठा हॉर्नवर तयार. बसच्या काळात स्टॅंडवर सुटायच्या वेळेची वाट बघत बसायचा तसा.

"अगं, निघ ना!" तो ओरडला. "किती वेळ लावशील?"

फेलिस्तासचा हात गाडीच्या पत्र्यावर होता. 

"मी इथेच आहे," ती म्हणाली.

त्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. आणि मग त्याला ती दिसली, पिवळ्या रुमालासकट, गाडीला अगदी लागून.

 त्याच वेळी इंजिन पुरेसं तापलं आणि बॉनेटखालचा पंखा खाडकन सुरू झाला. दोघंही दचकली. एव्हारिस्तोनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. अंगठा मात्र हॉर्नवरून काढायचं त्याला भान राहिलं नाही.

मग त्यानं विचारलं, "किती मोठी होती?"

"कोण?"

"ती पोर."

"दहा-बारा वर्षांची असेल."

त्यानं मान हलवली. खाली उतरला, दाराला धरून. बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण लावलं, पाइपांच्या जोडांखाली हात घालून गळत तर नाही ना ते पाहिलं. गळत नव्हतं. काम चोख झालं होतं. हत्यारं एकेक पुसून पेटीत ठेवली, आंघोळ केली, आणि मिस्सेला घालायचा शर्ट घालून बाहेर आला. न्शिमाला हातही लावला नाही.

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"बाजारात. चालत."

वाटेभर तो तिच्या थोडा पुढे चालत होता, हट्टानं, आणि ती मागून बघत होती. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली तेव्हा तिनं त्याची बाही ओढली. त्यानं ओढू दिली.

बाजाराच्या वळणावर फार विचारपूस करावी लागली नाही. शेंगदाणे सांडले ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मुलीची आई टोमॅटोचे वाटे मांडून बसली होती, आणि मुलगी शेजारी उलट्या डब्यावर बसून तिच्याकडून केस विंचरून घेत होती. एव्हारिस्तोनं टोपी काढली.

"ताई, त्या दिवशीची गाडी माझी होती."

त्या बाईनं केसांतून कंगवा बाहेर ओढला, आणि मग ती जी तुटून पडली! "तुमची? आणि थांबलासुद्धा नाहीत? पोरगी रात्रभर थरथरत होती माझी! माणसं आहात का कोण? बाजारात सगळे ड्रायव्हरसाहेब ड्रायव्हरसाहेब करतात, हेच का ते साहेब?" आजूबाजूच्या बायका जमल्या. फेलिस्तास पुढे होऊन म्हणाली, "ताई, त्यांना कळलंच नव्हतं, मीच त्यांना…" पण त्यानं तिला हातानं थांबवलं.

"मला दिसली नाही ती," तो म्हणाला. सगळ्या बायकांसमोर, मोठ्यानं. "मला कडेचं दिसत नाही. आज कळलं."

बाईचा आवाज एकदम उतरला. मुलगी त्याच्याकडे टकामका बघत होती. शेवटी आईच म्हणाली, "मग डोळे दाखवा की हो कुणाला. आणि गाडीत नका बसू, बाबा. तुमच्या पाया पडते." तिनं पोरीचं डोकं जवळ ओढून घेतलं आणि पुन्हा विंचरायला लागली, जरा जोरानंच.

परतताना त्यानं चिलेशेला फोन लावला. "उद्या सुट्टी ना तुला? कापिरीला जायचंय. गाडी तयार आहे." मग थोडं थांबून, घसा खाकरून म्हणाला, "चालवायची तू."

दुसऱ्या दिवशी लोम्बे आणि बाळ सुखरूप आले. पुढच्या आठवड्यात कित्वेच्या डॉक्टरनं डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलं ते परत येणार नाही, म्हणाला. राहिलंय ते थेंबांनी टिकवू. एव्हारिस्तोनं एकच प्रश्न विचारला, आणि डॉक्टरनं मान आडवी हलवली. परतीच्या वाटेवर तो पुढे चिलेशेच्या शेजारी बसला. चिलेशेनं एका ट्रकला मागे टाकायला गाडी बाहेर काढली, तेव्हा मात्र त्याचा उजवा पाय गाडीच्या तळावर जोरात दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता.

मागच्या सीटवर फेलिस्तास ताठ बसली होती. भीती गेली नव्हती. ती आता बहुतेक जाणारही नव्हती. सवयीनं ती आधी डावीकडे बघत होती आणि मग उजवीकडे.